विचारा तर खरं : सिंक्रोट्रॉनच्या एक्स-रेने नेमकं काय दिसतं?

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो की प्रोटीनचं स्ट्रक्चर (त्यातले अणू कुठे कसे बसलेत ते) काढायला आम्ही सिंक्रोट्रॉनला, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून जोरदार एक्स-रे काढणाऱ्या मोठ्या मशीनला, गेलो होतो, आणि त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की हा अख्खा महिना त्यालाच दिलाय. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींना कात्री लावलीय, राग मानू नका. मी मशीन बनवणारा माणूस नाही, मशीनवर सॅम्पल घेऊन जाणारा आहे, त्यामुळे चुंबकांचं गणित विचाराल तर कामापुरतंच सांगीन, सॅम्पलबद्दल मात्र कितीही बोलायला लावा.

प्रश्न : मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात एक्स-रे डिफ्रॅक्शनचं मशीन आहे, तरी सर म्हणतात की माझा क्रिस्टल सिंक्रोट्रॉनलाच न्यावा लागेल. एक्स-रे तो एक्स-रेच ना, मग फरक कसला?

एक्स-रे तो एक्स-रेच, बरोबर आहे तुझं. फरक आहे तो किती येतो, कुठे जातो आणि कुठला निवडता येतो यात. कॉलेजातल्या मशीनमध्ये एक ट्यूब असते, तिच्यात इलेक्ट्रॉन जोरात तांब्यावर आपटतात, आणि त्या आपटण्यातली ९९ टक्क्यांहून जास्त शक्ती नुसती उष्णतेत जाते (म्हणून तर ट्यूबला सतत पाणी फिरवावं लागतं आणि पाणी अडलं की मशीन बोंबलायला लागतं), उरलेला जो एक्स-रे तोही चहूकडे फाकतो, तुझ्या क्रिस्टलवर पडतो तो त्यातला चिमूटभर. शिवाय तांब्याचा एक्स-रे म्हणजे १.५४ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) तरंगलांबीचा एकच ठरलेला रंग. दुसरा हवा असेल तर ट्यूब बदला.

सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन कशावरही आपटत नाहीत. ते एका मोठ्या गोल पाइपातून, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, तासन् तास फिरत राहतात आणि चुंबक जिथे त्यांना वळवतो तिथे वळता वळता प्रकाश टाकतात. ओली छत्री गरगर फिरवली की कडेने थेंब कसे सरळ सुटतात, साधारण तसं, फक्त इथे ते थेंब सगळीकडे न उडता इलेक्ट्रॉन ज्या दिशेला चाललाय त्याच दिशेला बारीक झोतात जातात. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला ईएसआरएफ म्हणून मशीन आहे, त्याचा परीघ ८४४ मीटर, इलेक्ट्रॉन त्यात सेकंदाला साडेतीन लाखांवर फेऱ्या मारतात आणि त्यांची ऊर्जा ६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एवढ्या ऊर्जेला एका इलेक्ट्रॉनचा झोत किती पसरतो तर अंशाच्या दोनशेव्या भागाइतका. सगळा माल एकाच दिशेला, म्हणून क्रिस्टल काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असला तरी पुरतो, आणि कॉलेजातल्या मशीनवर रात्रभर चालणारं काम इथे एका मिनिटाच्या आत उरकतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे इथे एक्स-रेचा रंग निवडता येतो. सिलिकॉनचे दोन क्रिस्टल असतात, ते जरासे फिरवले की हवी ती ऊर्जा पुढे येते, बाकीची अडते. याचं काय एवढं, ते पुढच्या एका प्रश्नात येईलच.

आता तुझ्यापुरतं बोलायचं तर, औषधाचा रेणू लहान असेल आणि क्रिस्टल नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तर आधी कॉलेजातल्याच मशीनवर लाव. खरंच सांगतो, निम्म्या वेळा तिथेच काम होतं. सिंक्रोट्रॉन लागतो तो क्रिस्टल केसाहून बारीक असेल, सुईसारखे असून एकमेकांत अडकले असतील, किंवा पावडरमध्ये दुसऱ्या स्फटिकरूपाचा जरासा अंश मिसळलाय का हे शोधायचं असेल तेव्हा. हे दुसरं रूप फार्मसीवाल्यांनी हलक्यात घेऊ नये. १९९८ साली रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचं असंच एक नवं, कमी विरघळणारं स्फटिकरूप अचानक उपटलं आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या होत्या. रेणू तोच होता, फक्त रचून बसायची पद्धत वेगळी.

आणि प्रोटीनचा क्रिस्टल असेल तर मग हात शिकवून ठेव. नायलॉनचं इवलंसं कडं असतं, क्रायोलूप म्हणतात त्याला, टाचणीएवढ्या दांडीवर बसवलेलं. मायक्रोस्कोपखाली थेंबात ते कडं घालून क्रिस्टल उचलायचा, तो उचलताना पळतो, खरंच पळतो, थेंबाच्या कडेला जाऊन चिकटतो, मग हळूच सोडवायचा आणि श्वास रोखून द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचा. मशीनवरही त्याच्यावर सतत उणे १७३ अंशाच्या आसपासचा नायट्रोजनचा वारा सोडलेला असतो, कारण नाहीतर एक्स-रेच त्याला बघता बघता मारून टाकतो. हवा दमट असली की कड्यावर बर्फाचा भुगा धरतो आणि स्क्रीनवर तुझ्या क्रिस्टलने विखुरलेल्या एक्स-रेचे जे ठिपके दिसतात (त्यांवरूनच स्ट्रक्चर काढायचं असतं) त्यांच्या मध्ये बर्फाची गोल वर्तुळं उमटतात. पहिल्यांदा ती बघून मला वाटलं होतं की काहीतरी भारी मिळालं! शेजारच्याने शांतपणे सांगितलं, बर्फ आहे, पूस.

प्रश्न : वळला की प्रकाश का टाकतो इलेक्ट्रॉन? आणि एवढा प्रकाश फेकून तो थांबत कसा नाही?

विद्युतभार असलेली वस्तू वेग किंवा दिशा बदलायला लागली की ती विद्युतचुंबकीय लहरी सोडते, रेडिओचा अँटेनाही त्याच तत्त्वावर चालतो. थांबत का नाही, तर रिंगमध्ये मधे मधे रेडिओ लहरींच्या पोकळ्या बसवलेल्या असतात, दर फेरीत गमावलेली शक्ती त्या परत भरून देतात. झोका थांबायला आला की मागून एक हलका धक्का द्यायचा, तसं.

पण याची जन्मकथा सांगायचा मोह आवरत नाही. २४ एप्रिल १९४७, अमेरिकेत स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या लॅबमध्ये ७ कोटी व्होल्टचा एक छोटा सिंक्रोट्रॉन चालवत होते. मधे मधे ठिणग्या पडताहेत असा संशय होता म्हणून टेक्निशियनला सांगितलं की काँक्रीटच्या भिंतीआडून आरसा धरून जरा बघ. त्याने बघितलं आणि लगेच बंद करा म्हणून खूण केली, ट्यूबमध्ये ठिणगी आहे म्हणाला. पण आतली निर्वात पोकळी तर एकदम ठीक होती, ठिणगी असती तर ती बिघडायला हवी होती, म्हणून बाकीचे पण बघायला आले आणि दिसला तो इलेक्ट्रॉनांचाच प्रकाश. ट्यूब पारदर्शक होती हे नशीब, इतर बहुतेक मशीनमध्ये ती झाकलेली असायची. इवानेन्को आणि पोमेरांचुक या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९४४ मध्येच असं होणार म्हणून कागदावर मांडलेलं होतं, पण डोळ्याने कुणी पाहिलेलं नव्हतं.

पुढची कितीतरी वर्षं हा प्रकाश म्हणजे कटकटच मानली जायची. कणांचे प्रयोग करणाऱ्यांना इलेक्ट्रॉन पळवायचे होते आणि हा प्रकाश त्यांची शक्ती खात होता. साहित्य आणि रेणू बघणारी मंडळी मग त्या मशीनच्या कडेला, बिऱ्हाडकरूसारखी एखादी खिडकी मागून बसायची, मालकाला वाटेल तेव्हा मशीन चालू, वाटेल तेव्हा बंद. फक्त प्रकाशासाठी म्हणून बांधलेली मशीनं नंतर आली. इंग्लंडमधलं डेअर्सबरीचं मशीन खास एक्स-रेसाठी बांधलेल्यांपैकी पहिलं, ते १९८१ च्या सुमारास सुरू झालं.

आताच्या मशीनमध्ये नुसतं वळण नसतं, सरळ भागात अंड्युलेटर नावाची चुंबकांची लांबलचक रांग असते, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण अशी, आणि त्यातून इलेक्ट्रॉन नागमोडी जातो. इथे सापेक्षतावाद काय मस्त काम करतो बघा. रांगेतली एक जोडी समजा २ सेंटीमीटरची. ६ अब्ज व्होल्टच्या इलेक्ट्रॉनला ती जवळजवळ १२ हजार पट आखूड दिसते, म्हणजे दोन मायक्रॉनही नाही. तो त्या लांबीचा प्रकाश सोडतो, पण तो आपल्याकडे प्रचंड वेगाने येत असल्यामुळे आपल्याला तो आणखी २४ हजार पट आकसलेला मिळतो. गुणाकार केला की उत्तर येतं अँगस्ट्रॉमच्या पाऊण भागाच्या आसपास, अणूअणूंमधल्या अंतराच्याच मापाचं. प्रत्यक्षात चुंबकाच्या जोराप्रमाणे ते थोडं वाढतं, पण हातात धरता येईल अशा चुंबकातून अणूच्या मापाचा प्रकाश निघतो हे मला अजूनही पटायला जड जातं.

प्रश्न : मी रसायनशास्त्र शिकवते. तुमच्या लेखनात सारखं क्रिस्टल, क्रिस्टल. माती, गंज, काच, उत्प्रेरक, यातलं बहुतेक काही नीट स्फटिकरूपात नसतं. मग त्याचं काय?

मॅडम, तुम्ही माझ्या आवडत्या विषयावर बोट ठेवलंत, त्यामुळे उत्तर लांबणार.

मघाशी रंग निवडण्याचं म्हटलं ना, ते इथे कामाला येतं. प्रत्येक मूलद्रव्याची एक्स-रे शोषण्याची एक पायरी असते. लोखंडाची ७,११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टला, निकेलची ८,३३३ ला, तांब्याची ८,९७९ ला, जस्ताची ९,६५९ ला. समजा सॅम्पलमध्ये लोखंड आहे आणि तुम्ही ७,००० पासून हळूहळू ऊर्जा वाढवत चाललात, तर आधी एक्स-रे बऱ्यापैकी आरपार जात असतो आणि ७,११२ च्या आसपास एकदम शोषला जायला लागतो, ग्राफवर भिंतीसारखी उभी चढण येते. आजूबाजूला चिखल असो, काच असो की द्रावण, लोखंडाची पायरी लोखंडाचीच. क्रिस्टलचा संबंधच नाही.

आता या चढणीकडे जरा जवळून बघायचं. लोखंडाचे इलेक्ट्रॉन जितके जास्त गेलेले तितके उरलेले घट्ट धरलेले, म्हणून चढण काही व्होल्टांनी वर सरकते. म्हणजे लोखंड किती आहे एवढंच कळत नाही, ते फेरस आहे की फेरिक, म्हणजे त्याचे दोन इलेक्ट्रॉन गेलेत की तीन, तेही कळतं, आणि ते सॅम्पल ॲसिडमध्ये न विरघळवता. मातीतल्या किंवा धान्यातल्या आर्सेनिकचा अभ्यास याच पद्धतीने करतात, कारण विषारीपणा नुसत्या प्रमाणावर नसतो, आर्सेनिक कुठल्या अवस्थेत बसलंय त्यावर असतो. क्रोमियमचं तर आणखी सोपं, सहा भार असलेल्या क्रोमियमला चढणीच्या आधी एक टोकदार सुळका येतो, तीन भाराच्याला तो जवळजवळ येतच नाही, नवखा पोरगाही ग्राफ बघून सांगेल. व्हॅन गॉगच्या चित्रांतला क्रोम यलो तपकिरी का पडत चाललाय याचं उत्तर २०११ मध्ये ईएसआरएफला असंच मिळालं. रंगाच्या वरच्या पातळ थरात सहाचं क्रोमियम तीनचं होत होतं. खरवडलेला कण एवढासा, पण त्यातही वरचा थर आणि आतला थर वेगळा वाचता आला, कारण झोतच मायक्रॉनच्या आसपासचा.

चढणीच्या पुढे गेलं की ग्राफवर बारीक लाटा दिसतात. त्या कशा येतात ते सांगतो. एक्स-रेने अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर फेकला, तो लहरीसारखा पसरला, शेजारच्या अणूंवर आपटून परत आला. रिकाम्या खोलीत बोललं की आवाज घुमतो आणि घुमण्यावरून खोली केवढी ते डोळे मिटूनही कळतं, तसं त्या लाटांवरून शेजारी कोण आहे, किती आहेत आणि किती लांब आहेत ते कळतं, अंतर तर अँगस्ट्रॉमच्या शंभराव्या भागांपर्यंत. उत्प्रेरकावर काम करणारे यावरच जगतात. बॅटरीवाले पण. नाण्याएवढ्या बॅटरीला खिडकी ठेवून ती झोतात लावायची, चार्ज करत जायची, आणि निकेलची पायरी वर सरकताना बघत बसायचं. डिस्चार्ज केली की ती परत खाली येते, आणि बऱ्याच वापरानंतर पूर्ण परत येत नाही, तिथे मग चर्चा सुरू होते! लिथियम स्वतः मात्र या एक्स-रेला दिसत नाही म्हटलं तरी चालेल, त्याच्याकडे इलेक्ट्रॉनच तीन, त्याला न्यूट्रॉन लागतात.

माझी एक फजिती सांगतो. पावडर बोरॉन नायट्राइडमध्ये घोटून तिची गोळी दाबायची असते, बटणासारखी. सॅम्पल जास्त घातलं तर सिग्नल जास्त मिळेल असं माझं तेव्हाचं भाबडं गणित. गोळी इतकी जाड झाली की पायरीच्या वर जवळजवळ काहीच आरपार जाईना, ग्राफचं डोकं छाटल्यासारखं सपाट. मी ते रसायनाचं वैशिष्ट्य समजून वहीत दोन पानं लिहिली. सहा तासांनी, पहाटे, दुसऱ्या शिफ्टचा माणूस आला, गोळी उजेडाकडे धरून म्हणाला, ही अर्धी कर. अर्धी केली, आणि वैशिष्ट्य गेलं.

दुसरी भानगड अजून वाईट, कारण ती पटकन दिसत नाही. एक्स-रे स्वतःच सॅम्पल बदलतो. द्रावणातलं फेरिक लोखंड झोतात ठेवलंत तर बघता बघता फेरस व्हायला लागतं, आणि तुम्ही शोध लावता तो तुमच्याच दिव्याचा. म्हणून एकच स्कॅन घेऊन खूश व्हायचं नाही, त्याच जागेवर तीन-चार घ्यायचे आणि चढण सरकतेय का बघायचं. सरकत असेल तर जागा बदला, थंड करा, झोत कमी करा. काचेच्या केशनळीवर जिथे झोत पडला तिथे तपकिरी ठिपका उरतो, तो मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो.

प्रश्न : जळालेल्या, खोडलेल्या जुन्या लिखाणातली अक्षरं अशा मशीनने वाचतात म्हणे. खरंच की बातमीवाल्यांची फोडणी?

खरं आहे, पण दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांत त्यांची खिचडी होते.

खोडलेल्याचं उदाहरण म्हणजे आर्किमिडीजची चर्मपत्रं. दहाव्या शतकात कुणीतरी त्याच्या ग्रंथांची नक्कल केली, तेराव्या शतकात ती खरवडून त्यावर प्रार्थनेचं पुस्तक लिहिलं, आणि वर विसाव्या शतकात कुणी चार पानांवर सोनेरी नकली चित्रं रंगवली. पण मूळ शाईत लोखंड होतं आणि खरवडल्यावरही ते चामड्यात मुरलेलं राहिलं. २००५-०६ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनवर पान झोतापुढून ओळीने सरकवत नेलं, जिथे लोखंड तिथून लोखंडाचा ठरलेला एक्स-रे परत चमकतो, तो मोजत गेलं की सोन्याखालून ग्रीक अक्षरं वर आली. एकेका पानाला तासन् तास. तरंगणाऱ्या वस्तूंवरचा त्याचा ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये फक्त याच हस्तलिखितात उरलाय, त्यामुळे तेवढा वेळ घालवणं काही वाया नाही.

जळालेल्याचं म्हणजे हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने कोळसा केलेल्या. इथे वरची युक्ती चालत नाही, कारण शाईही काजळीची आणि कागदही कोळसा, कार्बनवर कार्बन. म्हणून गुंडाळी न उलगडता तिचं त्रिमितीय स्कॅन इंग्लंडमधल्या डायमंड नावाच्या सिंक्रोट्रॉनवर केलं, आणि शाईने कागदाच्या पृष्ठभागावर आलेला किंचित फरक शोधायला कॉम्प्युटरला शिकवलं. २०२३ मध्ये एक शब्द जाहीर झाला, ग्रीकमध्ये ‘पोर्फिरास’, म्हणजे जांभळा. श्रेय अर्धं मशीनला आणि अर्धं त्या पोरांना ज्यांनी रात्री जागून प्रोग्राम लिहिले.

आणि आता फोडणीबद्दल. बीथोव्हेनच्या म्हणून जपलेल्या केसांची एक बट होती, त्यातले केस शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेतल्या सिंक्रोट्रॉनवर तपासले, भरपूर शिसं सापडलं, २००० साली जगभर बातमी, बीथोव्हेनला शिशाने खाल्लं. मग २०२३ मध्ये त्या बटेचा डीएनए काढला तर ते केस एका बाईचे निघाले! मशीन काही चुकलं नव्हतं, केसात शिसं होतंच, केस कुणाचे हे मशीनला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तरी ते सांगणार नव्हतं. पुढची गंमत म्हणजे २०२४ मध्ये ज्या बटा खरोखर त्याच्या ठरल्या त्या दुसऱ्या पद्धतीने तपासल्या आणि त्यांतही शिसं भरपूर निघालं. माझ्याकडे कुणी ‘अमक्याची राख’, ‘तमक्याची अंगठी’ घेऊन आलं की मी आधी ही गोष्ट ऐकवतो.

प्रश्न : आता एआय प्रोटीनचं स्ट्रक्चर घरबसल्या सांगतंय, त्याला २०२४ चं नोबेलही मिळालं. मग एवढाली मशीनं कशाला चालू ठेवायची?

एआय शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेत दोन लाखांवर स्ट्रक्चर जमा झालीत, त्यातली बहुतेक एक्स-रेने काढलेली आणि गेल्या काही दशकांतली बरीचशी सिंक्रोट्रॉनवरची. राइबोसोमसारखं, पेशीत प्रोटीन बनवणारं अवाढव्य यंत्र, ज्यासाठी रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ यांना २००९ चं नोबेल मिळालं, ते या झोताशिवाय सुटलंच नसतं, आणि क्रिस्टल गोठवून वाचवायची युक्ती रुळवण्यात योनाथ यांचा मोठा वाटा.

तरी प्रश्न रास्त आहे. साधं एकटं प्रोटीन कसं घडी पडतं हे बघायला मी पण आता आधी एआयचंच मॉडेल उघडतो, खोटं कशाला बोलू. पण औषधवाल्याचा प्रश्न तो नसतो. माझा रेणू त्या खोबणीत नक्की कसा बसला, पाण्याचा कुठला रेणू हलला, कडेची साखळी किती वळली, हे मोजावंच लागतं. २०२० च्या सुरुवातीला कोरोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजचं (प्रोटीन कापणाऱ्या प्रोटीनचं) स्ट्रक्चर शांघायहून आलं आणि लगेच डायमंड मशीनवर त्या प्रोटीनचे हजाराहून जास्त क्रिस्टल वेगवेगळ्या छोट्या रेणूंत भिजवून एकामागून एक झोतात लावले, कोण कुठे चिकटतं बघायला. त्यातले बहुतेक चिकटले नाहीत, आणि कोण चिकटत नाही हे कळणं पण पुढच्या माणसाचे महिने वाचवतं.

प्रश्न : तिथे काम करणाऱ्यांना किरणोत्सर्गाची भीती नसते का?

अणुभट्टीसारखं इंधन नसतं तिथे. वीज बंद केली की एक्स-रे बंद, दिवा घालवल्यासारखे. चालू असताना इलेक्ट्रॉन काँक्रीटच्या बोगद्यात आणि सॅम्पल शिसं भरलेल्या खोलीत, तिला हच म्हणतात. दार लावण्याआधी आत एक फेरी मारायची, कोपऱ्याकोपऱ्यातली बटणं ठरलेल्या क्रमाने दाबायची, म्हणजे आत कुणी नाही हे तुम्ही स्वतः बघितलंय असं सिस्टिमला पटतं, मग भोंगा वाजतो, दार लॉक, आणि तेव्हाच झडप उघडते. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. रात्री तीन वाजता सॅम्पल दोन मिलिमीटर सरकवायला हे विसाव्यांदा करताना माणूस वैतागतो, पण कंटाळून कुणी ते टाळूच शकत नाही अशीच रचना आहे. माझ्या अनुभवात तिथली खरी जोखीम म्हणजे नायट्रोजनने भाजलेली बोटं आणि झोप.

प्रश्न : आमच्यासारख्या साध्या कॉलेजातल्यांना तिथे वेळ मिळतो का? पैसे किती? सॅम्पल नुसतं पाठवलं तर चालतं का? (असे नऊ जण.)

मिळतो. बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, तुमचा प्रश्न काय, सॅम्पल काय, किती शिफ्ट हव्यात (एक शिफ्ट आठ तासांची) हे थोडक्यात लिहायचं, तज्ज्ञांची समिती बघते. निकाल छापून सगळ्यांना देणार असाल तर मशीनचे पैसे सहसा पडत नाहीत, कंपनीला निकाल स्वतःपाशी ठेवायचा असेल तर पडतात. मशीनं जगभर आहेत. जपानमधल्या स्प्रिंग-८ चा परीघ १,४३६ मीटर, स्वीडनमधलं मॅक्स-४ आणि ब्राझीलमधलं सिरिअस ही नव्या पद्धतीची, इंदूरला इंडस-२, आणि जॉर्डनमधलं सेसमी तर मला फार आवडतं, २०१७ मध्ये सुरू झालं आणि एकमेकांशी अजिबात न पटणारे इराण आणि इस्रायल तिथे एकाच मशीनचे सभासद आहेत.

अर्ज नापास होण्याचं माझ्या पाहण्यातलं मोठं कारण एकच, ‘आमच्या पदार्थाचा सिंक्रोट्रॉनने अभ्यास करू इच्छितो’ असं मोघम लिहिणं. अभ्यास काय करू इच्छिता? ‘या उत्प्रेरकातलं तांबं २०० अंशाला एक भाराचं होतं की दोन भाराचंच राहतं’ असं लिहा, आणि लॅबमधल्या मशीनवर आधी काय काय करून बघितलं तेही लिहा, नाहीतर समितीतला कुणीतरी तेवढंच विचारून अर्ज बाजूला ठेवतो.

सॅम्पल पाठवायची सोय बऱ्याच बीमलाइनवर (रिंगमधून झोत सॅम्पलपर्यंत आणणाऱ्या एकेका फाट्यावर) आहे. गोठवलेले क्रिस्टल नायट्रोजन शोषून घेतलेल्या डब्यातून जातात, तिकडे रोबो लावतो आणि तुम्ही इथे खुर्चीत बसून माउसने झोत सोडता. पावडर असेल तर काही मिलिग्रॅम भागतात. फक्त गोळी दाबायच्या आधी सॅम्पल किती घेतलं आणि भरीला काय किती घातलं ते वजन करून बाटलीवरच लिहा, पेन्सिलने, कारण शाईचं लेबल अल्कोहोलचा एक थेंब पडला की जातं आणि मग बीमलाइनवरून रात्री फोन येतो की दोन बाटल्या आहेत, दोन्हींवर काहीच नाही, आधी कुठली लावू?